वाघाच्या जिल्ह्यात वाघाची मावशी

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात वाघ नुसता लंगडताना दिसला तरी बातमी होते. मीच देतो. वीसेक वर्षं झाली, सावलीतून बातम्या पाठवतोय. वाघ, बिबट, अस्वल, धानाचं नुकसान, आसोलामेंढ्याचं पाणी, हेच आमचं रोजचं. पण आज लिहितोय ती गोष्ट मी पेपरला पाठवली नाही. पाठवली असती तर डेस्कवरचा माणूस हसला असता. ही मांजरीच्या एका पिल्लाची गोष्ट आहे. ते वाचलं नाही. ते गेल्यावर जे प्रश्न डोक्यात राहिले ते एकट्या माझ्या घरचे नाहीत, म्हणून इथे लिहितो. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

गेल्या श्रावणात माझ्या मुलीने राईस मिलच्या मागून एक पिल्लू उचलून आणलं. राखाडी रंगाचं, दीड-दोन महिन्यांचं, पावसाने चिंब भिजलेलं. नाव ठेवलं भुरी. सोबतची दोन पिल्लं शेजारच्या काकूंनी नेली, कारण त्यांच्या धानाच्या कोठीत उंदीर झाले होते. आमच्याकडे मांजर अशीच येते. विकत कोणी आणत नाही.

आठव्या दिवशी भुरीने खाणं सोडलं. खाटेखाली जाऊन बसली. संध्याकाळी बाहेर आली ती पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसली, पण पाण्याला तोंड लावेना. मग पिवळा फेस ओकायला लागली. रात्री जुलाब.

पहिल्या दिवशी मी जे केलं ते सगळं चुकलं. ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे बहुतेक जण हेच करतात. दूध पाजलं, तर जुलाब वाढले. मेडिकलमधून लहान मुलांचं टॉनिक आणि जुलाबाचं औषध आणलं, २४० रुपये गेले. अंग गरम लागत होतं म्हणून कोणीतरी म्हणालं, पॅरासिटामॉलची पाव गोळी द्या. गोळी कुटून चमच्यात तयारही होती. देण्याआधी सहज म्हणून ओळखीच्या एका पशुवैद्यक डॉक्टरांना फोन लावला. ते फोनवरच ओरडले, "भाऊ, ती गोळी आधी फेका! मांजरीला ते विष आहे."

हे मला पंचेचाळिशीत कळलं. माणसाचं शरीर पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकतं, मांजरीच्या शरीराला ते जमत नाही. तिच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद जाते, यकृतावर घाव पडतो. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आपल्या गावांत आजवर किती मांजरी आजाराने गेल्या आणि किती आपल्या मायेने, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरांकडे गेलो. नाव लिहीत नाही. माणूस चांगला. सकाळपासून गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी खेड्यांवर फिरत होते, संध्याकाळी सातला परत आले. तरी त्यांनी पिल्लू टेबलावर घेतलं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती उभीच राहिली. "पाणी संपलंय अंगातलं," म्हणाले. हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या. कातडीखाली सलाईन दिलं. त्यांच्याकडच्या सुया बैलांच्या, म्हणून बारीक सुई आणि सलाईनची बाटली मला बाहेरून आणावी लागली, २१० रुपये. मग म्हणाले, "माझ्याकडे येणारी लस गाईगुरांची, शेळ्यांची. मांजरीच्या आजाराची तपासणी माझ्याकडे नाही. चंद्रपूर-नागपूरसारख्या शहरात न्या, आणि उद्याच न्या."

निघताना बाहेर एक ओळखीचे शेतकरी भेटले. "पत्रकार साहेब, बिमार मांजर घेऊन कुठं फिरून राहिले जी? दुसरी भेटते ना." त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. आपल्या भागात तोच व्यवहार आहे. मांजर मेली की दुसरी येते.

तिसऱ्या दिवशी शहरातल्या एका खासगी दवाखान्यात गेलो. आंब्याच्या जुन्या पेटीत टॉवेल घालून भुरीला ठेवलं, आणि एसटीने. खिशात ३,२०० रुपये होते. गावातल्या पत्रकाराचा पगार म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. जाहिरातीचं कमिशन आलं तर आलं.

तिथल्या डॉक्टर बाईंनी पाहिल्याबरोबर ओळखलं. पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरीचा पार्वो. हा विषाणू आतड्यावर आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो. त्याला थेट मारणारं औषध नाही. सलाईन द्यायचं, उलटी थांबवायची, दुसरा जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक द्यायचं, ऊब द्यायची आणि शरीर स्वतः उभं राहण्याची वाट बघायची. मोठ्या मांजरी निभावतात, पिल्लं बऱ्याचदा जातात. माणसाला हा आजार होत नाही.

मग हिशेब झाला. भरती केलं तर दिवसाला २,००० रुपये, किमान पाच दिवस, म्हणजे १०,०००. अर्धे आधी. "वाचेलच असं मी सांगू शकत नाही," हेही त्यांनी सरळ सांगितलं. मी त्यांना नफेखोर म्हणणार नाही. दवाखान्याचं भाडं, औषधं, रात्री जागणारा माणूस, हे सगळं फुकट येत नाही.

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा एका डॉक्टरला विचारलं, "मॅडम, माझ्याकडे एवढेच पैसे आहेत. एवढ्यात सगळ्यात जास्त उपयोग कशाचा होईल?" हा प्रश्न विचारताना मान खाली गेली होती, हे खरं. पण त्या प्रश्नाने त्यांचा बोलण्याचा सूरच बदलला. पेन काढलं आणि एका कागदावर लिहून दिलं. उलटीचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक हवंच. सलाईन घरी देता येईल, मी शिकवते. टॉनिक, पावडरी, ताकदीची औषधं, सगळं बंद. टेस्ट ९५० रुपयांची आहे, नाही केली तरी उपचार तेच राहतील.

मी टेस्ट केली. पत्रकाराची खोड, दुजोरा लागतो. पॉझिटिव्ह आली. ते ९५० रुपये वाया गेले का, हे आजही मला ठरवता येत नाही. भुरीला त्याचा उपयोग झाला नाही. पण तो कागद दाखवला म्हणूनच शेजारच्या काकूंना पटलं. ते पुढे सांगतो.

परत येताना कंडक्टरने पेटीत डोकावून विचारलं, "हिचं अर्धं तिकीट का?" सगळी बस हसली. मुलगीही हसली. त्या तीन दिवसांत तेवढीच.

घरी बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवायचो. पिल्लू गार पडलं असेल तर त्याला काही भरवायचं नाही, आधी ऊब, हेही त्या कागदावर लिहिलेलं होतं. सहा-सहा तासांनी कातडीखाली सलाईन. पहिल्या वेळी माझा हात इतका थरथरला की बायकोने सुई घेतली. तिने जमवलं. त्या रात्री भुरीने एकदा डोळे उघडून मुलीकडे पाहिलं आणि आम्हाला वाटलं, निभावली.

चौथ्या दिवशी दुपारपासून जुलाबात रक्त. अंग गार. कण्हणं चालू. डॉक्टर बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आता तिला त्रासच आहे. तुम्ही म्हणालात तर तुमच्या तिकडच्या डॉक्टरांना मी सांगते, एका इंजेक्शनने शांतपणे जाईल." मी म्हणालो, उद्या सकाळी बघू. ती पहाटे पावणेचारला गेली. दुपारपासून पहाटेपर्यंतचे ते बारा-तेरा तास मी तिला दिले. कोणासाठी? तिच्यासाठी तर नक्कीच नाही. मला निर्णय घ्यायचा नव्हता, म्हणून.

आमच्या सावलीला अभिमानाची एक गोष्ट आहे. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन इथे झालं, गांधीजी इथे राहिले. खादीचं गाव म्हणून आपण ते सांगतो. त्याच गांधीजींनी सावलीला येण्याच्या आठ वर्षं आधी, १९२८ मध्ये, साबरमती आश्रमात वेदनेने तळमळणाऱ्या एका वासराला डॉक्टरकडून इंजेक्शन देऊन मरण दिलं होतं. वासरू वाचणार नव्हतं. त्यांनी ते लपवलं नाही, 'नवजीवन'मध्ये स्वतः लिहिलं. देशभरातून रागाची पत्रं आली. अहिंसेचा माणूस वासरू मारतो? पण आपला स्वार्थ नसताना, दुसरा उपाय उरला नसताना, त्या जिवाच्या यातना संपवणं ही हिंसा नव्हे, यावर ते ठाम राहिले. हे मी अनेक वर्षं वाचून होतो, एकदा भाषणातही सांगितलं होतं. माझ्या घरात वेळ आली तेव्हा मी "उद्या बघू" म्हणालो.

आता माझा एकूण हिशेब बघा. टॉनिक वगैरे २४०. सुई-सलाईन २१०. एसटी जाणं-येणं ३४०. तपासणी फी ४००. टेस्ट ९५०. इंजेक्शन आणि औषधं ६८०. एकूण २,८२० रुपये. आणि हा आजार रोखणारी लस? त्याच दवाखान्यात एका डोसचे ८००. पिल्लाला दोन महिन्यांपासून चार महिन्यांपर्यंत तीन डोस, म्हणजे २,४००. जगवण्याला मरण्यापेक्षा कमी पैसे लागत होते. फक्त हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि ती लस माझ्या तालुक्यात नव्हती.

इथून पुढे प्रश्न माझ्या घराबाहेर जातो.

आपल्या देशात दर पाच वर्षांनी पशुगणना व्हायची पद्धत आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, गाढव, उंट, ससा, हत्ती, कुत्रा, कोंबड्या, सगळे मोजतात. मांजर मोजत नाहीत. जी मोजली जात नाही तिच्यासाठी औषध मागवणार कोण आणि कशाच्या आधारावर? जनावरांच्या उपचाराला फिरत्या गाड्या आहेत, १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे. चांगली सोय आहे, प्रत्येक पशुपालकाने नंबर जवळ ठेवावा. पण ही सगळी यंत्रणा उभी आहे ती दूध, मांस आणि शेतीकामाच्या जनावरांभोवती. दुसऱ्या टोकाला वाघ-बिबट. त्यांच्यासाठी वनखातं आहे, चंद्रपुरात उपचार केंद्र आहे. गोठा आणि जंगल यांच्या मधे जे घर येतं, त्या घरातल्या मांजरीचा वाली कोणी नाही.

लगेच कोणी म्हणेल, इथे माणसाला औषध मिळत नाही आणि तुम्ही मांजर घेऊन बसलात. मोहफुलं वेचायला गेलेली बाई वाघाच्या हल्ल्यात जाते, तिच्या घरी जाऊन बातमी लिहिणारा मीच असतो. हा प्रश्न मला दुसऱ्याने विचारायची गरज नाही, मी स्वतःला विचारतो. पण माणसाच्या वाट्याचं काढून मांजरीला द्या, असं मी म्हणतच नाही. डॉक्टर आहे, टेबल आहे, फ्रिज आहे. नाहीत त्या बारीक सुया, काही औषधं आणि लसीच्या बाटल्या. त्याही फुकट नकोत, वाजवी पैसे घ्या. आणि ज्यांच्याकडे पैसे असतात ते आजही गाडी काढून नागपूरला जातात. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा मोठा दवाखाना आहे, तिथे कुत्र्या-मांजरांवर उपचार होतात. पण सावलीहून ते दीडशे किलोमीटरच्या वर. उलट्या करणाऱ्या पिल्लाला तेवढा वेळ नसतो आणि रोजंदारीवरच्या माणसाला तेवढी रजा नसते. "पैसे नाहीत तर पाळू नका" म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे मांजर कोणी हौसेने पाळत नाही. धानाची कोठी राखते म्हणून राहते. उंदीर वाढले की मागोमाग साप येतो, हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. ती बिनपगारी राखण करते. तिच्या दुखण्याला आपण चैन म्हणतो.

आणि या जंगलपट्ट्यात मांजरीचा आजार मांजरीपुरता राहतो असं समजू नका. भुरीला झालेला पार्वो मांजराच्या सगळ्या कुळाला होतो. त्यात रानमांजर आली, बिबट आला, वाघही आला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने मेले. ते आपल्याच चंद्रपूरकडून तिकडे नेलेले होते. पुढे २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, पाळीव मांजरींमध्ये बर्ड फ्लू सापडला. तिथे कोणीतरी आजारी मांजरीचा नमुना घेतला म्हणून ते कळलं. आपल्या गावात चार मांजरी एका आठवड्यात मेल्या तर काय होतं? शेपटीला धरून नाल्यात फेकतात. ना नोंद, ना नमुना, ना प्रश्न. कोंबड्या मेल्या तर निदान तहसीलपर्यंत फोन जातो. वाघ वाचवायला आपण एवढा खर्च करतो, आणि त्याच्या जंगलाच्या कडेला मरणाऱ्या मावशीकडे बघायला कोणी नाही. ही नुसती भूतदयेची गोष्ट नाही, शहाणपणाची आहे.

भूतदयेचंच म्हणाल तर ती आपल्या घटनेत लिहिलेली आहे. कलम ५१-क मध्ये प्राणिमात्रांबद्दल दया हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे. आणि सरकारचं कर्तव्य २००१ च्या नियमांत आहे. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी, तिला रुग्णालय आणि निवाऱ्यासाठी राज्य सरकारने जागा द्यावी, तिथे पूर्णवेळ पशुवैद्यक असावा, असं त्यात स्पष्ट आहे. चंद्रपूर असो की वैनगंगेपलीकडचं गडचिरोली, आपापल्या जिल्ह्यात यातलं काय उभं आहे, हे प्रत्येकाने कलेक्टर ऑफिसात जाऊन विचारावं. विचारायला पैसे लागत नाहीत.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस, दोन तास, कुत्र्या-मांजरांसाठी ठरवून द्यावेत. बारीक सुया आणि सलाईन तिथे असावं. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला लसीकरणाचं शिबिर ठेवावं, आणि त्यात रेबीजसोबत मांजरीची ही लसही नाममात्र पैशात द्यावी. रेबीज मांजरीलाही होतो आणि तिच्या चाव्यातून माणसालाही, हे विसरू नये. एकाच वस्तीत लागोपाठ मांजरी मेल्या तर नोंद आणि नमुना घेण्याची पद्धत असावी. आणि कमी पैशाच्या माणसाला खासगी डॉक्टरांनी आपणहून सांगावं की एवढ्यात काय होईल आणि काय होणार नाही. माझ्या डॉक्टर बाईंनी सांगितलं, पण मी विचारल्यावर. सगळ्यांना विचारायचा धीर होत नाही.

आणि आपल्यासाठी. पिल्लू चोवीस तास खात नसेल तर "बघू उद्या" म्हणू नका, त्याच दिवशी दाखवा. दूध नको. माणसाची गोळी नको. पहिला रुपया तपासणीवर, पावडरीवर नाही. पैसे किती आहेत ते डॉक्टरला न लाजता आधी सांगा. वेळ आलीच तर शेवटच्या इंजेक्शनचा निर्णय त्या जिवाकडे बघून घ्या, आपल्याकडे बघून नाही. मेलेलं पिल्लू खोल पुरा, नाल्यात फेकू नका. या आजाराचा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो, साध्या साबणाला दाद देत नाही. फिनाईलही वापरू नका, ते मांजरींना बाधतं. ब्लीचिंगच्या पाण्याने फरशी पुसा, मग साध्या पाण्याने. आणि लस न घेतलेलं पिल्लू वर्षभर त्या घरात आणू नका.

शेजारच्या काकूंनी तो टेस्टचा कागद तीनदा उलटा-सुलटा करून बघितला. मग कोठीच्या मागून डबा काढला आणि १,६०० रुपये मोजून दिले. दोन्ही पिल्लांचा पहिला डोस मीच पेटीतून नेऊन देऊन आलो. नशीब म्हणा, त्यांना लागण झाली नाही. पुढचे दोन डोसही झाले. दोघंही आता माझ्या स्कूटरच्या सीटवर झोपतात.

वरच्या मागण्यांचं निवेदन मी सोमवारी दिलं आहे. आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घेतली आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याचं काय झालं ते विचारायला जाणार आहे. सावली तालुक्यातल्या ज्यांना यावंसं वाटेल त्यांनी सोबत यावं. घरी मांजर असलीच पाहिजे असं नाही.